एकेरी आवाज

अमरावतीच्या जवाहर गेटच्या आत कापडाच्या दुकानात नोकरानं पॉपलिनचा तागा उलगडण्यासाठी फळीवर आपटला, रोज शंभरदा आपटतो तसाच, आणि निखत मटकन खाली बसली. पर्स छातीशी धरून, दुकानाच्या पायरीवरच. त्या जुलैत कुणाला चक्कर आली की लोक आधी दोन पावलं मागे सरत आणि मग विचारत. दुकानदारही मागे सरला आणि तोंडावरचा रुमाल नीट करत ताप नाही ना म्हणून विचारू लागला. निखतनं मान हलवली. ताप नव्हता. तागा फळीवर पडतानाचा तो आवाज, आतून भरीव आणि बाहेरून मऊ, तिनं तीन दिवसांपूर्वी ऐकला होता. तेव्हा फळीच्या जागी अकोल्याच्या ऑफिसातलं टेबल होतं आणि ताग्याच्या जागी पियुष काळमेघचं डोकं. तो आवाज पहिल्यांदा कानावर आला तेव्हा ती खाली बसली नव्हती. खुर्चीत पुढे सरकली होती. चांगलं दिसावं म्हणून. हे तिला आत्ता, पायरीवर बसल्यावर आठवलं, आणि आठवलं तशी तिच्या तोंडात आंबट पाण्याची गुळणी आली. ती तिनं तशीच गिळली, कारण त्या दिवसांत रस्त्यावर थुंकलेलं कुणाला खपत नव्हतं, आणि तिच्यासारखीनं थुंकलेलं तर मुळीच नाही.

निखत एका बियाणे कंपनीच्या अमरावतीच्या विभागीय कचेरीत नेटवर्क सांभाळायची. पाच जिल्ह्यांतल्या शाखा, तिथले संगणक, त्यांना जोडणाऱ्या तारा आणि प्रत्येक शाखेच्या तोंडाशी बसवलेली फायरवॉलची पेटी, एवढा तिचा कारभार. बाळापूरला अब्बांना आपलं काम समजावताना ती म्हणायची, मी चौकीदार आहे. प्रत्येक ऑफिसला हजारो दरवाजे असतात, नंबर टाकलेले. कोणता उघडा ठेवायचा, कोणता बंद, कुणीकडून येणाऱ्याला आत घ्यायचं, हे त्या पेटीत लिहून ठेवायचं. पेटी नियम वरून खाली वाचत जाते. जो आधी लागू पडला तो खरा, त्याच्या खालचे वाचायची तिला गरजच पडत नाही. अब्बा, अब्दुल गफ्फार, जन्मभर गाद्या-रजयांचा कापूस पिंजलेले, ते ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, आणि चौकीदाराला कोण सांगतं, कुणाला सोडायचं? साहेब सांगतात, ती म्हणायची.

मार्चमध्ये कोरोनामुळे सगळं बंद पडलं आणि कंपनीच्या बैठका पडद्यावर होऊ लागल्या तेव्हा तिचं काम तिप्पट झालं. बैठकीच्या त्या सॉफ्टवेअरला चित्रासाठी एक दरवाजा लागे, आवाजासाठी दुसरा. एखाद्या शाखेत चित्रं यायची पण माणसं मुकी; कुठे त्यांचं आपल्याला ऐकू यायचं, आपलं त्यांना नाही. अशा एकेरी आवाजाच्या तक्रारी तिनं एप्रिलभर घरी बसून, पाचही शाखांच्या पेट्यांमध्ये दुरून शिरून एकेक करून निस्तरल्या. अकोल्याला तिच्यासाठी हात चालवायचे सूर्यभानकाका. ते गोदामाचे राखणदार, अठ्ठावन्नचे, बाळापूरजवळच्याच खेड्यातले. फोनवर ती सांगायची निळी तार तिसऱ्या भोकात, आणि ते म्हणायचे, "थांब बेटा, चष्मा घेतो." अकोल्याचा आवाज पहिल्यांदा दोन्हीकडून नीट चालू झाला त्या दिवशी शाखेचा व्यवस्थापक पियुष काळमेघ पडद्यावर आला होता. पाचही शाखांची बावीस माणसं त्या बैठकीत होती. निखतनं विचारलं, सर, माझा आवाज येतोय का. पियुष म्हणाला, "येतो ना. फक्त खोकू नका मॅडम. तुमच्याच लोकांनी आणला तो." काही खिडक्यांमधली माणसं हसली, काहींनी खाली पाहिलं. तिनं बैठक संपेपर्यंत चेहरा हलू दिला नाही. संपल्यावर स्वयंपाकघरात जाऊन तिनं पोळपाट उचलला आणि ओट्यावर इतक्या जोरात मारला की त्याचा एक पाय तुटून पडला. मग बरेच दिवस, पेट्यांमधले नियम तपासताना, भाजी चिरताना, ती त्या माणसाला मनातल्या मनात मारत राहिली. कधी पोळपाटानं, कधी नुसत्या हातांनी. मनात मारताना तिचा हात दुखायचा नाही, हे तिला आवडायचं.

जूनच्या शेवटी सोयाबीन उगवलं नाही. वीस साली ते बऱ्याच ठिकाणी उगवलं नाही, पण अकोल्याच्या शाखेतून गेलेला एक लॉट असा होता की पेरलेल्या वावरात ओळींची तासांच्या तासं काळीच राहिली. उकरलं तर दाणा फुगून कुजलेला. पंधरावीस गावांची माणसं गोदामाच्या फाटकाशी येऊ लागली. त्यांचं मागणं साधं होतं. ज्यानं हे बियाणं पाठवलं त्या पुण्याच्या साहेबांशी बोलायचं होतं. साहेबांना येणं शक्य नव्हतं, जिल्ह्यांच्या सीमा बंद होत्या. तेव्हा ठरलं की मंगळवारी अकोल्याच्या ऑफिसच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावायचा, गावोगावच्या माणसांना बसवायचं आणि साहेबांनी पुण्याहून बोलायचं. निखतनं सोमवारी सगळे दरवाजे तपासले. आवाज दोन्हीकडून खणखणीत होता. सूर्यभानकाकांनी हॉलमध्ये उभं राहून तिच्याशी दहा मिनिटं गप्पा मारल्या, घरचं विचारलं, अब्बांच्या दम्याचं विचारलं.

मंगळवारी अकराला दहा कमी असताना साहेबांचा फोन आला, इंटरनेटवरून केलेला. त्यांचा आवाज नेहमी मऊ असे, सायीसारखा. ते म्हणाले की आपला आवाज अकोल्याला जाऊ देऊ नको, त्यांचा मात्र आपल्याला यायला हवा. तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिनं सुचवलं की सर, तुम्ही तुमच्याकडूनच माइक बंद करू शकता. साहेब हसले. माइक बंद केला की पडद्यावर लाल खूण दिसते, म्हणाले, ती आता शेतकऱ्यांची पोरंही ओळखतात. बिघाड वाटला पाहिजे. त्यांना बोलू दे, मन मोकळं होऊ दे. आपण काही बोललो की ते मोबाईलवर घेऊन गावभर फिरवतील. तिनं विचारलं, कधीपर्यंत? मी सांगेपर्यंत, साहेब म्हणाले.

तिनं नियम लिहिला. यादीत चौथा. बाहेरून अकोल्याकडे येणारा आवाज नाकारा. लिहायला अर्धं मिनिटही लागलं नाही. नंतर पोलिसांना, आणि त्याहून जास्त वेळा स्वतःला, सांगताना तिला हेच सांगता येईना की त्या अर्ध्या मिनिटात तिच्या मनात काय होतं. काहीही नव्हतं. नियमाचं व्याकरण बरोबर आहे ना, एवढंच तिनं पाहिलं होतं.

कॅमेरा पडद्याच्या वर बसवलेला होता. त्यामुळे पडद्याकडे पाहणारा प्रत्येक माणूस निखतच्या डोळ्यांत पाहत होता. अमरावतीच्या त्या थंडगार खोलीत, चारी बाजूंनी पंखे घोंघावत असताना, पंचवीस-तीस माणसं तिच्याकडे पाहत बसली होती. हनुवटीवर आलेले रुमाल, उन्हानं रापलेली कपाळं. पहिल्या रांगेत पांढरं धोतर नेसलेला एक म्हातारा होता. त्यानं उठून स्वतःचं नाव सांगितलं, खुशालराव, आणि पिशवीतून मातीसकट आणलेले कुजके दाणे तळहातावर घेऊन कॅमेऱ्यापुढे धरले. तो शांतपणे बोलला. केव्हा पेरलं, किती खोल, पाऊस किती झाला होता, सगळं ओळीनं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "साहेब, हे उगवलं काहून नाही, तेवढं सांगा." पडद्यावर साहेबांचे ओठ हलले. निखतला साहेब ऐकू येत होते, ती अमरावतीहून बैठकीत होती आणि तिचा दरवाजा उघडाच होता. साहेब म्हणत होते, बरं बरं, पुढचे बोला. हॉलमध्ये काहीच पोचलं नाही. माणसं कान पुढे करून बसली. पियुष उभा राहून म्हणाला, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, तुम्ही बोला, साहेबांना ऐकू जातं. खुशालरावनं पुन्हा विचारलं. पुन्हा ओठ हलले. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा म्हातारा पडद्याच्या अगदी जवळ आला, इतका की निखतला त्याच्या डाव्या डोळ्यातलं पिवळं पडलेलं पांढरं दिसलं, आणि तो साहेबांच्या ओठांकडे पाहत राहिला, बहिऱ्या माणसानं पाहावं तसा. मागून एक पोरगा ओरडला की त्यांचं आपल्याला ऐकवायचंच नाही. आपल्यालेच बहिरं करून राहिले हे. तेव्हा पियुष हसून म्हणाला, "उगवलं नाही, उगवलं नाही. पेरता येत नाही ते बोला ना."

खुशालरावनं वळून त्याच्या कानाखाली मारली. कुजक्या दाण्यांच्या हातानं. पियुषच्या गालावर माती उठली.

निखत खुर्चीत पुढे सरकली. तिचं बोट बटणावर होतं. एक कळ दाबली की चौथा नियम जाणार होता, आवाज मोकळा होणार होता, तिला स्वतःला ओरडता येणार होतं, साहेबांना म्हणता येणार होतं की काहीतरी बोला. बोट तिथंच राहिलं. तीन पोरांनी पियुषला कॉलर धरून ओढलं आणि त्याचं डोकं टेबलावर आपटलं. तो ताग्याचा आवाज. पुन्हा आपटलं. त्याचा चष्मा उडाला, नाकातून रक्त आलं आणि टेबलावरच्या माहितीपत्रकांवर सांडलं. एकानं त्याचे केस धरून चेहरा वर केला तो नेमका कॅमेऱ्यापुढे, आणि निखतनं त्याचे घाबरलेले, लहान मुलासारखे उघडे डोळे पाहिले, आणि तिच्या छातीत काहीतरी सैल झालं. उन्हाळ्यात माठातलं पाणी घशाखाली उतरावं तसं. खोक आता, ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली की मनात, हे तिला नंतरही ठरवता आलं नाही.

मग डावीकडून सूर्यभानकाका आले. दोन्ही हात पसरून, गुरं वळवतात तसे. पोरांमध्ये आणि पियुषमध्ये ते शिरले आणि पाठ त्याच्याकडे करून उभे राहिले. एकानं त्यांना ढकललं, ते पडले नाहीत. दुसऱ्यानं कोपऱ्यातून लोखंडी नळी उचलली होती, टोकदार, पोत्यात खुपसून बियाण्याचा नमुना काढतात ती, पण त्यानं ती खालीच धरली होती, आणि काकांना ओळखत असल्यासारखा तो थबकला होता. निखतनं कळ दाबली. तिला ओरडायचं होतं, थांबा. माइक चालू होता. तिच्याआधी दुसराच आवाज हॉलमध्ये गेला, मोठ्या स्पीकरमधून, सायीसारखा मऊ. आपलं कुणाला ऐकू जात नाही अशा खात्रीत साहेब शेजारच्या कुणाशी तरी बोलत होते. "मारू दे रे. बरंच झालं. आता केस होईल, मग बियाण्याचं कोण विचारतो? चार दिवसांत वखरून दुबार पेरतील, पुरावाही नाही राहायचा."

सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं, म्हणजे तिच्याकडे. नळीवाल्या पोराचा चेहरा वाकडा झाला, रडण्याआधी होतो तसा, आणि त्यानं ती फिरवली. कुणावर, हे त्यालाही ठाऊक नसावं. ती काकांच्या डोळ्यावर बसली. काका खाली बसले तेव्हा नळीचं टोक त्यांच्या डोळ्याच्या खोबणीत अडकलेलं होतं, आणि पोरानं घाबरून ती ओढली. मग खुर्च्या उडाल्या. एक खुर्ची कॅमेऱ्यावर आली आणि चित्र गेलं. आवाज मात्र दोन्हीकडून चालू राहिला. फुटणारी काच, कुणाचं तरी आई आई, आणि त्यात साहेबांचं, हॅलो, हॅलो, हे ऐकू गेलं का? निखत?

त्या तीन दिवसांत साहेबांचे पाच फोन आले. त्यांनी काही धमकावलं नाही. अकोल्याची पेटी पुसून कोरी कर, एवढंच सांगत राहिले. पेटीतल्या नोंदवहीत तो नियम कुणी लिहिला, केव्हा काढला, सेकंदासकट असतं, आणि नाव तुझं आहे, माझं कुठेच नाही, हे त्यांनी काळजीच्या सुरात सांगितलं. तुझ्यासारख्या मुलीला आज कोण विचारून घेईल, म्हणाले, आधी ठरवतील आणि मग विचारतील. ते खरंच होतं. खुशालरावला आणि चार पोरांना पोलिसांनी त्याच दिवशी उचललं होतं. खुनाचा प्रयत्न लावला होता. पोलिसांकडे हॉलमधल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं, त्यात आवाज नव्हता. त्यात दिसत होतं एवढंच की काही माणसं बोलताबोलता एका साहेबाला आणि एका राखणदाराला मारू लागली. खुशालराव सांगत होता की पडद्यावरचा माणूस असं असं बोलला. कुणी मानत नव्हतं. निखतनं पेटी पुसली नाही. तेवढं धैर्य होतं म्हणून नाही. पुसायला तिला त्या यादीत परत जावं लागलं असतं. शेवटी गेली तेव्हा पुसायला नाही, मोजायला गेली. नेटवर्कवर साठलेल्या हॉलच्या चित्रणातली पहिली चपराक अकरा बावन्न चौदाला. नियम काढला अकरा बावन्न तेवीसला. मधली नऊ सेकंदं कुठल्याही वहीत तिच्या नावावर नव्हती. नोंदवहीच्या हिशेबानं ती त्या नऊ सेकंदांत काहीच करत नव्हती.

कापडाच्या दुकानातून ती काही न घेता निघाली. गाडीवर बसून राजकमलच्या चौकात आली आणि घराकडे वळायचं सोडून बडनेऱ्याच्या रस्त्याला लागली. बियाण्याच्या कंपनीला जिल्हा ओलांडायचा पास होता. तो पर्समध्ये होता. मूर्तिजापूरपर्यंत दोन्ही बाजूंच्या वावरांत वखर चालू होते. उगवलेलं आणि न उगवलेलं सारखंच मोडलं जात होतं आणि काळी माती मागे ओली, चकचकीत उलटत होती. तिला अब्बा आठवत होते. बाळापूरच्या जिनिंगमध्ये ते रजयांसाठी कापूस घ्यायला जात, नऊ वर्षांची ती बरोबर असे. सरकीच्या ढिगापाशी कुणाची तरी विडी सापडली होती आणि मालकानं विचारपूस न करता अब्बांना मारलं होतं, चपलेनं, तोंडावर, तिच्यासमोर. अब्बा विडी ओढतच नव्हते. दोन महिन्यांनी हमालांचं आणि मालकाचं कशावरून तरी बिनसलं आणि हमालांनी त्याला फाटकात गाठून लाथांनी तुडवलं. तेव्हाही ती आणि अब्बा तिथंच होते. अब्बांनी तिचे डोळे झाकले नाहीत. तिचा खांदा धरून ते उभे राहिले आणि त्यांचा अंगठा तिच्या हाडात रुतत गेला, मालक किंचाळला की जास्त. घरी आल्यावर त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच धरून बसले. दोन दिवस ते पिंजायला बसले नाहीत. अम्मीनं विचारलं तर पोट दुखतं म्हणाले. निखतला तेव्हा कळलं नव्हतं की इतकी छान गोष्ट घडल्यावर यांचं पोट का दुखतं. बोरगावच्या पुढे तिनं गाडी बाजूला घेतली आणि वावराच्या धुऱ्यावर बसून ओकली. वखरवाल्या बाईनं लांबून पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला.

अकोल्याच्या ठाण्यात हवालदार शालिकराम नावाचे पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांनी तिला चार हात लांब खुर्ची दिली. तिनं नोंदवहीचा छापील कागद पुढे केला, पुण्याच्या साहेबांनी काय सांगितलं ते सांगितलं, आवाज चालू झाल्यावर हॉलमध्ये कोणतं वाक्य गेलं ते शब्दाला शब्द सांगितलं. शालिकरामनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. हे साहेबांनी सांगितल्याचा कागद आहे का, त्यांनी विचारलं. नव्हता. मग बाई, हे तुमच्याच अंगावर येते, ते म्हणाले, नाव तर तुमचंच हाय इथं. तिनं लिहायला सांगितलं. लॉकअपच्या गजांपलीकडे खुशालराव भिंतीला टेकून बसला होता. त्याचं धोतर त्या दिवशीचंच होतं, गुडघ्यापाशी सूर्यभानकाकांचं रक्त तपकिरी होऊन वाळलेलं. त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ज्या डोळ्यांनी पाच वेळा तिला विचारलं होतं, उगवलं काहून नाही, त्याच डोळ्यांनी. आणि त्यांत ओळख मुळीच नव्हती. ती त्याच्यासाठी ठाण्यात आलेली कुणीतरी बाई होती. आणखी काही सांगायचं आहे का, शालिकरामनी विचारलं. नाही, ती म्हणाली, आणि सही केली.

दवाखाना जवळच होता, खाजगी, एका डॉक्टरचा. आत एकावेळी एकच माणूस सोडत होते, पण दाराशी त्या वेळी कुणी नव्हतं. सूर्यभानकाका खिडकीजवळच्या खाटेवर होते. डोळा काढून टाकला होता, अर्धं डोकं पट्टीत, जबडा सुजून एका बाजूला गेलेला. खाटेशी स्टुलावर वच्छलाबाई, त्यांची बायको, वाटीतलं पातळ वरण चमच्यानं ढवळत बसली होती. निखतनं आपण कोण ते सांगितलं. काकांनी उरलेला डोळा उघडला आणि हात किंचित उचलला. "अमरावतीवाली. फोनवाली," ते बायकोला म्हणाले. तेवढ्यानंही त्यांना धाप लागली.

ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहूनच बोलली. आवाज आपण बंद केला. सांगून केला, पण केला. हे सांगणं सोपं गेलं, ठाण्यात एकदा सांगून झालं होतं. मग ती म्हणाली, काका, पियुष सरांना मारलं तेव्हा मला तो उघडता येत होता. मी नाही उघडला. बघत बसले. मला बरं वाटत होतं. आणि मग तुम्ही मध्ये आलात तेव्हा उघडला, तर त्यातून ते बोलणं आत गेलं, आणि त्या पोरानं...

वच्छलाबाईनं वाटी खाली ठेवली. पदराला हात पुसला. उठून निखतच्या समोर आली, तिच्या तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि दोन चपराका मारल्या, एक या गालावर, एक त्या. शेतात राबलेला हात होता. निखतचा ओठ दातावर फाटला आणि जिभेवर रक्त आलं. मार्चपासून तिला कुणाचा हात लागला नव्हता. ती हलली नाही, तिसऱ्यासाठी तोंड तसंच धरून उभी राहिली.

"मारू नको तिले," सूर्यभानकाका म्हणाले. जबडा हलत नव्हता, शब्द दातांच्या फटीतून येत होते, आणि प्रत्येक शब्दाला त्यांची मान ताठ होत होती. "पियुषले पडली तवा मलेही बरं वाटलं होतं. मस्त वाटलं. मी दारात उभा होतो, पाहून राहिलो होतो."

वच्छलाबाई वळली. "मंग मधात काहून गेले?" ती हळू म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली. तीन दिवस जे विचारायचं होतं ते आता बाहेर आलं होतं आणि ते थांबेना. "त्यानं तुमाले चार लोकात म्हाताऱ्या कुत्र्या म्हटलं होतं ना? घरी येऊन तुमीच सांगलं मले. त्याच्यासाठी? त्याच्यासाठी डोळा देल्ला? काहून गेले तुमी मधात?" तिनं खाटेच्या लोखंडी दांड्यावर मूठ मारली, पुन्हा मारली, सलाइनची बाटली वर हिंदकळत राहिली. काका त्या हाताकडे पाहत होते. दुसऱ्या फटक्यानंतर त्यांनी आपला हात सरकवून दांड्यावर ठेवला, तिसरा फटका त्यांच्या बोटांवर बसला, आणि ती एकदम थांबली.

"मले आजून समजलं नाही," ते म्हणाले. "बरं वाटून राह्यलं होतं, आन पाय चालले. एवढंच." मग बराच वेळ श्वास गोळा करून ते म्हणाले, "ते पोरगं, नळीवालं. त्याचा बाप आन मी संग शिकलो. त्यानं मले मारलं नाही. त्यानं त्या आवाजाले मारलं. हे सांगजो बेटा कोनाले तरी. माहं कोनी लिहून घेत नाही, तोंड बरं झाल्यावर येतो म्हनतात."

वच्छलाबाईनं वाटी उचलली होती आणि पुन्हा वरण ढवळू लागली होती. तिनं निखतकडे पाहिलं नाही, पण स्टूल पायानं थोडं सरकवलं, की निखतला दाराकडे जायला वाट व्हावी. निखत गेली.

ठाण्यात शालिकराम डबा उघडून बसले होते. एक ओळ राहिली, ती म्हणाली. त्यांनी हात धुतला, कागद काढला, पुढे ओढून घेतला. पोरगा, नळी, आवाज, सूर्यभाननं काय सांगितलं, ते त्यांनी बिनबोभाट लिहिलं. मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. ते तिच्या फाटलेल्या ओठाकडे पाहत राहिले. बाई, हे कोणत्या कलमात बसत नाही, म्हणाले. बरं वाटणं गुन्हा नाही. उद्या कंपनीचा वकील हेच वाचून दाखवीन, की ही पियुषवर जळत होती, हिनं मुद्दाम केलं. साहेब सुटतीन, तुमी अडकसान. हे लिहायचंच काय?

"लिहा," निखत म्हणाली. "त्याशिवाय वरचं खरं होत नाही."

गजांपलीकडे खुशालराव आता उभा राहिला होता आणि ऐकत होता. शालिकरामनी सुस्कारा टाकला आणि आपल्या सवयीच्या अक्षरात, सवयीच्या भाषेत लिहिलं की सदर पियुष काळमेघ यांस मारहाण होत असताना आवाज सुरू करणे माझ्या हातात असूनही मी तो केला नाही, कारण ती मारहाण पाहून मला क्षणभर बरे वाटले. त्यांनी ते तिला वाचून दाखवलं आणि कागद वळवून पुढे सरकवला. निखतनं पेन घेतलं. 'क्षणभर' वर एक रेघ मारली, त्याच्या डोक्यावर 'नऊ सेकंद' लिहिलं, खोडलेल्या जागी नियमाप्रमाणे एक छोटी सही केली, आणि मग खाली मोठी.